जाळरेषा

"तुमचं तर म्हणे लहानपणच जंगलात गेलं," संचालक म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. बैठकीच्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. ती आकड्यांच्या तक्त्यावरून बोट फिरवत होती, ते बोट होतं तिथेच थबकलं. इतकी वर्षं ती या कर्ज विभागात होती. पुलांसाठी, धरणांसाठी, इस्पितळांसाठी राज्याने लोकांकडून घेतलेलं कर्ज तिच्या हाताखालून गेलं होतं, पण तिचं लहानपण या टेबलावर कधी आलं नव्हतं. त्यातही तो 'म्हणे' तिला खुपला. म्हणजे कुणीतरी म्हणालं होतं. कोण, ते शोधायला फार लांब जायला नको होतं. संचालकांची दाढ मागच्याच आठवड्यात दुखत होती आणि ते तिच्या नवऱ्याच्या दवाखान्यात जाऊन आले होते. नवरा दातांचा डॉक्टर. समोरचा माणूस तोंड वासून बसलेला असतो, त्याला बोलता येत नाही, म्हणून याचंच बोलणं चालू राहतं. आणि एकदा बोलायला लागला की याच्या पोटात काही राहत नाही.

"आता बघा," संचालक पुढे सांगत होते, "पुलाचे रोखे विकायला सोपे. पूल दिसतो. जंगल कुणाला दिसतंय? हे रोखे बँकांना द्यायचे नाहीत, साध्या लोकांना द्यायचेत. तुमच्या-आमच्यासारख्या. त्यांनी घेतले तर जंगलाची कामं उन्हाळ्याच्या आत सुरू होतील, नाही घेतले तर बसा पुढच्या वर्षापर्यंत. पुढच्या आठवड्यात नगरभवनात सभा आहे. वनविभागाचे साहेब चित्रं दाखवतील, ते ठीक. पण जिव्हाळ्याने बोलणारं कुणीतरी हवं. तुम्ही बोला. आठवणी सांगा. पक्षी, झरे, काय असेल ते. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"सर, मी आकडे सांगते ना."

"आकड्यांनी कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का?"

"आपल्या विभागात येतं की," ती म्हणाली. सगळे हसले, संचालकही हसले, आणि त्या हसण्यातच ते काम तिच्या गळ्यात पडलं.

आपल्या खोलीत येऊन ती खुर्चीत बसली. खिडकीबाहेर रस्त्याकडेचं झाड होतं, तारांना लागू नये म्हणून एका बाजूने कापलेलं, अर्धवट भांग पाडल्यासारखं. तेवढं झाड तिला चाले. एक झाड, त्याच्या मागे भिंत, भिंतीमागे दुसरी इमारत, त्या इमारतीत कुणीतरी पंख्याखाली बसून फोनवर बोलतंय. एका झाडाचं तिला काही वाटत नसे. पण झाडामागे झाड, त्यामागे आणखी झाड, आणि त्या सगळ्यांच्या मागे काय आहे ते कुणालाच माहीत नाही, असं चित्र नुसतं कागदावर आलं तरी ती तो कागद उलटा करून ठेवी. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. कशी सांगणार? आजकाल जंगल न आवडणं म्हणजे आपलेच आईबाप न आवडण्यासारखं झालं होतं. लोक तोंडदेखलं का होईना, जंगलाचं नाव निघालं की उसासा टाकतात. ती तिथे वाढलेली, आणि तिला जंगल आवडत नव्हतं. अजिबात नाही. आवडून घ्यायचा तिने प्रयत्न केला नव्हता असंही नाही. लग्नानंतर नवरा तिला हौसेने एका टेकडीवरच्या वनविश्रामगृहात घेऊन गेला होता. जंगल म्हणजे आपली सासुरवाडी, असं तो मित्रांना सांगत असे. पहाटे तो गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला गेला आणि ती पांघरुणात डोकं खुपसून पडून राहिली. परत आल्यावर तो म्हणाला, "तुझ्यासाठी काय, रोजचंच!" ती म्हणाली, "हो ना." त्यापेक्षा जास्त काही बोलावं असं तिला तेव्हा वाटलं नाही, आणि मग ते तसंच राहून गेलं.

बाबा वनरक्षक होते. जंगलाच्या कडेला दोन खोल्यांचं सरकारी घर, पत्र्याचं दार, मागे विहीर. वाळलेल्या पानांवर पाय पडला की आवाज होतो, आणि तो आवाज कुणाच्या पायाचा आहे हे घरात बसून कळत नाही, हे तिला बोलता यायच्या आधीपासून माहीत असावं. खेळायला कुणी नव्हतं. ती आईच्या मागे मागे असे, आई विहिरीवर गेली की विहिरीवर, चुलीजवळ गेली की चुलीजवळ. उन्हं कलली की झाडं पुढे सरकतात असं तिला वाटायचं. सकाळी अंगणाच्या पलीकडे असलेली, संध्याकाळी अगदी उंबऱ्याशी यायची. बाबा घरी असले तर तेवढं वाटायचं नाही. पण बाबा कुठले घरी? पानगळ झाली, गवत वाळलं, की ते दिसेनासे व्हायचे. मग कधीतरी लांबून त्यांचं गाणं ऐकू यायचं. सूर नाही, ताल नाही, शब्दही धड नाहीत, पण आवाज असा खणखणीत की दोन टेकड्यांना ऐकू जावा. ते गाणं ऐकलं की आई चहाचं आधण ठेवायची. आपल्या बाबांना जंगलात फिरायला किती आवडतं, तिकडून येताना गात येतात आणि इकडे घरात आले की गप्प होतात, हे तिच्या मनात तेव्हाच कुठेतरी पक्कं झालं. एकदा गाणं न होताच दार वाजलं. आईने दार उघडलं आणि आत एक अनोळखी माणूस आला. त्याच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओलं फडकं फिरवून अर्धा चेहरा पुसून टाकला होता. ती किंचाळून आईच्या मागे लपली. तो माणूस हसला. म्हणजे हसला असावा. कारण भुवया नसलेला माणूस हसतोय की रागावलाय ते कळत नाही. ते बाबाच होते, वणव्यात त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. भुवया पुन्हा येईपर्यंत ती त्यांच्या मांडीवर बसली नाही, आणि त्यांनीही तिला बोलावलं नाही.

संध्याकाळी ऑफिसातून ती चालतच निघाली. बसने गेली असती तर घर लवकर आलं असतं, आणि घरात नवरा होता. रस्ता तिला नेहमीसारखा आपला वाटला. चपलांच्या दुकानात खोक्यांची चळत उतरवत असलेला माणूस, किल्ल्या बनवणाऱ्याच्या यंत्राचा कर्कश सूर, औषधांच्या दुकानाबाहेर वजनाच्या काट्यावर उभी राहून पोट आत घेणारी बाई. इथे जो आवाज येई तो कशाचा आहे हे कळत असे. मावशीकडे ती शिकायला आली ती अशाच एका रस्त्यावर. मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून रस्त्याचा दिवा होता. मावशी म्हणाली, पोरीला झोप यायची नाही, पडदा लावू या. ती म्हणाली, नको. त्या पिवळ्या उजेडात ती जी झोपली ती सकाळी मावशीने हलवून उठवेपर्यंत. तशी झोप तिला तोवर कधी लागलीच नव्हती. पण त्या सुखाच्या बुडाशी एक गाळ होता, तो अजून होता. बाबा आले नाहीत. आई अधूनमधून यायची, बाबा क्वचित, आणि आले तरी लगेच परतायचे. गावातल्या लाकूड-डेपोत बदली करून घेतली असती तर सगळे एकत्र राहिले असते, असं मावशी एकदा भाजी चिरताना शेजारणीला म्हणाली होती. घेतली नाही, म्हणजे त्यांना घ्यायची नव्हती. एकीकडे मुलगी, एकीकडे जंगल. त्यांनी जंगल निवडलं. हा हिशेब तिने फार लहानपणी मांडला होता आणि पुढे इतके हिशेब तपासले तरी हा एक कधी उघडून पाहिला नव्हता.

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, "काय म्हणाले संचालक?"

"तुला काय माहीत?"

"मला काही नाही. दाढ बरी आहे ना त्यांची?" त्याचा चेहरा चोरी पकडलेल्या मुलासारखा झाला आणि लगेच फुलला. "बोलणार ना तू? अगं, तू बोललीस तर सभा जिंकलीस. तू नुसतं ते पानांच्या आवाजाचं सांग."

"कसल्या पानांच्या?"

"एकदा झोपेत बोलली होतीस. पानं वाजतायत म्हणून."

ती आत गेली. तो गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला निघून गेला. गॅलरीत त्याच्या इतक्या कुंड्या होत्या की कपडे वाळत घालायला वाकून जावं लागे. त्याच गॅलरीच्या कोपऱ्यात, कुंड्या सरकवून केलेल्या जागेत, आईची खुर्ची होती. बाबा गेल्यावर आई त्यांच्याकडे राहायला आली. म्हातारी सातव्या मजल्यावर घुसमटेल अशी सगळ्यांना काळजी. पण ती इथे अशी रमली, जसं काही आयुष्यभर याच मजल्याची वाट बघत होती. लिफ्टवर तिचा फार जीव. कोथिंबीर आणायला एकदा खाली जायची, लिंबू आणायला पुन्हा. कुठली बस कुठे जाते, कुठल्या दुकानाची फळी कधी उघडते, समोरच्या इमारतीत कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं तिला तोंडपाठ. जावयाच्या कुंड्यांकडे ती पाहुण्यांच्या मुलांकडे पाहावं तशी पाही. आपली नाहीत, पण आहेत तर असू देत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आई तिथे मटार सोलत बसली होती. भाषणाचा कागद घेऊन ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली. कागदावर तिने लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांचं जंगलावर अतोनात प्रेम होतं.' त्याच्यापुढे गाडी सरकत नव्हती. हे वाक्य खरं होतं, आणि लिहिताना तोंड कडू होत होतं.

"आई, बाबांना जंगलातलं काय आवडायचं गं सगळ्यांत?"

आईने एक शेंग फोडली, दाणे अंगठ्याने ओढून वाटीत पाडले. "कुणाला?"

"बाबांना."

"त्यांना कुठं आवडायचं जंगल?" आई म्हणाली. "त्यांना पोस्टात नोकरी हवी होती. खिडकीत बसून तिकिटं द्यायची. ती मिळाली नाही, ही मिळाली."

 खाली एक बस थांबली, दारं फुसफुसली, बस गेली.

"मग ते गाणं? गात यायचे ना तिकडून?"

"भीती वाटायची त्यांना." आईने हे इतकं सहज सांगितलं की जणू त्यांना चहात साखर कमी लागायची. "अंधाराची फार भीती. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, वनरक्षक म्हणजे केवढा धीट माणूस. पहिल्याच महिन्यात कळलं. मागच्या अंगणात जायचं तर मला म्हणायचे, तू कंदील धर. जंगलातून एकटं येताना मोठ्यानं गायचे, म्हणजे जनावर असेल तर बाजूला होईल, आणि नसेल तर आपल्यालाच जरा बरं वाटेल. मी आधण ठेवायची ते त्यासाठीच. आल्या आल्या हात कापत असायचे, कपाला धरून बसले की थांबायचे."

"आणि बदली? डेपोतली बदली का घेतली नाही मग?"

"मागितली नाही कसली? दरवर्षी अर्ज. मी सांगते ना, दरवर्षी. वरचे साहेब म्हणायचे, तुम्ही तिथं आहात म्हणून ते जंगल उभं आहे, तुम्हाला हलवलं तर दुसरा कोण टिकणार? चांगलं काम करणाऱ्याला तिथंच ठेवतात बये. वाईट केलं असतं तर कधीच गावात आलो असतो."

"हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?" आईने वाटी हलवून दाणे सारखे केले. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, म्हणाली, "तेच म्हणायचे, पोरीला सांगू नकोस. तिला वाटू दे बापाला जंगल आवडतं म्हणून तो तिथं आहे. दुसरीकडे कुणी जाऊ देत नाही म्हणून आहे, हे कशाला कळायला हवं? तेवढी तरी ऐट राहू दे म्हणायचे माझी."

ती उठून गॅलरीच्या कठड्याशी गेली. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. उलट छातीत काहीतरी सैल झालं, आणि सैल झाल्यावरच ते इतकी वर्षं किती घट्ट होतं ते कळलं. खणखणीत आवाजात, बेसूर, दोन टेकड्यांना ऐकू जाईल असं गाणारा एक घाबरलेला माणूस झाडांमधून घराकडे येत होता. त्याला आपल्यासारखंच घाबरणारं कुणीतरी हवं असेल, आणि ती पत्र्याच्या दारामागे त्याच झाडांना घाबरून बसलेली होती. दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं तर? पण ते नाही सांगितलं. ती दारामागे, तो ऐटीत. तिला हसू आलं. आई म्हणाली, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. पोस्टाच्या खिडकीत बरे दिसले असते गं बाबा." "हो ना," आई म्हणाली, "अक्षर किती सुंदर होतं."

तिने कागदावरचं वाक्य खोडलं. पण त्याच्या जागी काय लिहायचं ते तिला सुचलं नाही, आणि सभेपर्यंत तो कागद तसाच राहिला, वर एक जाड रेघ आणि खाली कोरा.

नगरभवनात अपेक्षेपेक्षा गर्दी झाली. ध्वनिक्षेपक आधी शिटी मारायचा, मग गप्प व्हायचा, मग पुन्हा शिटी. वनविभागाच्या साहेबांनी पडद्यावर फुलं दाखवली, धबधबा दाखवला, धुक्यातलं हरीण दाखवलं. लोक कौतुकाने बघत होते आणि अधूनमधून जांभया देत होते. आई पहिल्या रांगेत नवी साडी नेसून, आणि शेजारी नवरा, चित्र बदललं की मान डोलावणारा. मग तिची पाळी आली. तिने रोख्यांची माहिती सांगितली: पैसे किती वर्षांनी परत मिळणार, व्याज केव्हा, राज्याची हमी कशी. आकडे सांगताना तिचा आवाज स्थिर होता. संचालक व्यासपीठाच्या टोकाला बसून तिला डोळ्यांनी खुणावत होते, आता आठवणी, आता आठवणी.  तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उठला. बसचा कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, असं त्याने स्वतःच सांगितलं.

"मॅडम, व्याजाचं कळलं. पण आम्ही या शहरातून कधी जंगलात गेलो नाही, जाणार नाही. हरीण छान आहे, आमचं म्हणणं नाही काही. पण एक विचारू का? खरं सांगा. तुम्हाला स्वतःला आवडतं का जंगल?"

सभागृहातली कुजबुज थांबली. संचालक आशेने पुढे झुकले. तिने समोर पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं होतं, फुललेलं, अभिमानाने ओथंबलेलं. ते बघून तिला क्षणभर वाईट वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं. ध्वनिक्षेपकाने शिटी मारली, जणू त्यालाही धक्का बसला. संचालकांनी डोळे मिटले.

"माझे वडील वनरक्षक होते. मी तिथे वाढले. मला भीती वाटायची तिथे. अजून वाटते. माझ्या वडिलांनाही वाटायची, हे मला परवाच कळलं."  पुढचं वाक्य कागदावर नव्हतं. ते आपोआप आलं. "पण ते काम करायचे. म्हणजे कसं, पावसाळा संपला, गवत वाळायला लागलं, की जंगलात लांबच लांब पट्टे साफ करायचे असतात. पालापाचोळा काढायचा, गवत कापायचं, जमीन नुसती मोकळी ठेवायची. जाळरेषा म्हणतात. वणवा पेटला तर तिथे येऊन त्याला खायला काही मिळत नाही, मग तो थांबतो. हे थंडीतच करायचं असतं. पण त्याचे पैसे यायचे उन्हाळ्यात. सगळं जळून गेल्यावर. दरवर्षी. मग वडील आसपासच्या गावांतून माणसं आणायचे, नुसत्या शब्दावर. ती माणसं राबायची. आणि पैसे लांबले की आमच्या पायरीवर येऊन बसायची. भांडायची नाहीत, मागायचीही नाहीत. नुसती बसायची. आई त्यांना चहा द्यायची. साखर संपली की नुसता. मला वाटायचं, पाहुणे आलेत."

आई पहिल्या रांगेत खाली मान घालून पदराचं टोक सरळ करत होती.

"मला जंगलाबद्दल गोड बोलता येत नाही," ती म्हणाली. "माझे यजमान दातांचे डॉक्टर आहेत, इथेच बसलेत. त्यांच्या खुर्चीत बसायला कुणाला आवडतं? पण कीड लहान असताना बसलं तर थोडक्यात भागतं. उशिरा गेलं की दाढच काढावी लागते. या रोख्यांचं एवढंच आहे. पैसे वेळेआधी पोचावेत. तुम्हाला जंगल आवडायलाच पाहिजे असं नाही. आवडणाऱ्यांची वाट बघत बसलो तर कामं व्हायचीच नाहीत."

नवरा उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवारी दवाखाना बंद असतो." सगळं सभागृह हसलं. कंडक्टरही हसला, खाली बसला, मग अर्धवट उठून म्हणाला, "उत्तर मिळालं," आणि पुन्हा बसला.

बाहेर पडताना संचालकांनी तिला गाठलं. "तुम्ही 'नाही' म्हणालात ना, तेव्हा मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला होता."

"तुमचा?"

"तुमचा. माझा कशाला?" मग त्यांनी गालावरून हात फिरवला, दाढेच्या बाजूने, आणि जरा खाजगी आवाजात विचारलं, "पण खरंच, परवाच कळलं तुम्हाला?"

"परवाच," ती म्हणाली.

घरी जाताना नवरा बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे आजारपणाचं लक्षण होतं. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे त्या विश्रामगृहात तू...?"

"पांघरुणात होते."

"आणि मी तुला विचारतोय, तो पिवळा पक्षी ऐकलास का!" तो हसायला लागला, तीही हसायला लागली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "सिग्नल सुटला. मागचे शिव्या देतायत." इतक्या वर्षांच्या संसारात एक पांघरूण आज निघालं, आणि खाली काही वाईट निघालं नाही, एवढ्याच गोष्टीने तिला फार हलकं वाटत होतं. त्यानंतर नवरा जंगलात गेला तो मित्रांबरोबर, आणि ती घरी राहिली. पाठ भरून डास चावून घेऊन तो खूष होऊन परतला, आणि तिने न कुरकुरता त्याच्या पाठीला मलम लावलं. आपल्याला न आवडणारी वस्तू दुसऱ्याला आवडते, यात मजा असते, हे तिला नव्याने कळत होतं.

रोखे निघाले त्या आठवड्यात आईने हट्ट धरला. बाबांच्या निवृत्तिवेतनातून बाजूला पडलेलं काही होतं तिच्याकडे. बँकेत रांग होती. काचेमागच्या मुलीने आईकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, आणि जपून म्हणाली, "आजी, हे वीस वर्षांसाठी आहेत. मुद्दल वीस वर्षांनी मिळेल."

"मिळू दे की," आई म्हणाली. "मी काय वाट बघत बसणार आहे? मला दुसरी कामं आहेत."

रांगेत हशा पिकला. मुलीने लाजत शिक्का मारला. सगळे रोखे काही खपले नाहीत. जंगलातले रस्ते आणि नवी रोपवाटिका राहून गेली, त्यावर संचालकांनी मंत्रालयात बोलणी खाल्ली. पण जाळरेषांपुरतं आणि माणसांच्या मजुरीपुरतं जमलं, आणि ते थंडी सरायच्या आत पोचलं. मजुरी त्या त्या आठवड्याला दिली जातेय याची तिने स्वतः वेळोवेळी विचारून खात्री करून घेतली. वनविभागाचे साहेब तिच्या फोनला कंटाळले होते. एकदा ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला जंगल आवडत नाही ना? मग इतका फोन कशाला?" ती म्हणाली, "म्हणूनच."

उन्हाळा चढला. शहरात डांबर मऊ झालं, ऑफिसात पंखे गरम वारा ढकलत राहिले. एका संध्याकाळी ती नुकतीच घरी आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या, तेव्हा फोन वाजला. या वेळी त्या साहेबांनी आपणहून केला होता. उत्तरेकडच्या डोंगरात दुपारी वणवा लागला, ते म्हणाले. वारा होता.  वणवा खाली आला, पट्ट्यापर्यंत आला, आणि तिथे थांबला. पाचोळाच नव्हता. तासाभरात विझला.

"मग काय झालं?" तिने विचारलं.

"काही झालं नाही," साहेब म्हणाले. "तेच सांगायला फोन केला." तिने फोन ठेवला आणि मग चपला काढल्या.

आई आत पलंगावर वाळलेले कपडे घडी करत बसली होती. तिने जाऊन आईला सांगितलं. वणवा, वारा, पट्टा, सगळं. आईने ऐकलं, हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण केली, तळहाताने दाबली, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीत एकेक करून लागणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे आज तिथला कुणीतरी घरी जेवायला असेल."

मग तिने दुसरा अभ्रा उचलला, त्याचं एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर, ताण जरा."

दोघींनी तो ताणून धरला.